मॅटर गिऱ्हाईकाचं

दिवाळी अंकाच्या संपादकांचा फोन आला तेव्हा मी सवयीने विचारलं, "मॅटर कधी पाठवताय?" ते हसले आणि म्हणाले, "हमीदभाई, या वेळी मॅटर तुम्ही द्यायचंय." चाळीस वर्षं कर्जतच्या बाजारात छापखाना चालवला, लोकांचं मॅटर छापून पोट भरलं, पण स्वतःचं म्हणून चार ओळींचं मॅटर कधी लिहिलं नव्हतं. काय लिहायचं ते मात्र शोधावं लागलं नाही. ते सात-आठ वर्षांपासून तयारच होतं.

बाहेरच्या माणसासाठी आधी शब्द सांगतो. छापायचा जो काही मजकूर असतो त्याला आम्ही मॅटर म्हणतो. मजकूर हा शब्द वाईट नाही, पण आमच्या काउंटरवर कुणी "मजकूर आणलात का?" असं विचारलं तर गिऱ्हाईक मागे वळून बघेल. लग्नपत्रिकेतली नावं म्हणजे मॅटर, बिलबुकावरचा पत्ता म्हणजे मॅटर, ग्रामपंचायतीची पाणी बंद असल्याची सूचना म्हणजेही मॅटरच. मॅटर येतं, मॅटर लागतं, मॅटर अडतं. जास्त झालं तर अक्षर बारीक करायचं, कमी पडलं तर कोपऱ्यात एक मोर काढायचा. अब्बा अक्षरांचे शिशाचे खिळे एकेक करून जुळवायचे, तेव्हा मॅटरला खरोखरचं वजन असे. पानभर मॅटर उचलायला दोन हात लागत. माझ्या वेळी संगणक आला आणि ते वजन गेलं.

आता छापखाना माझी मुलगी रुबिना बघते. तिच्याकडे गिऱ्हाईक मोबाईलवर सगळं पाठवतं, आणि ती त्याला कंटेंट म्हणते. मी एकदा विचारलं, यात आणि मॅटरमध्ये फरक काय? ती म्हणाली, "अब्बा, मॅटर गिऱ्हाईक आणून देतं. कंटेंट आपण बनवून देतो, त्याचे वेगळे पैसे." कळंबकडच्या रिसॉर्टवाल्यांना ती असं कंटेंट लिहून देते: निसर्गाच्या कुशीत, चुलीवरचं जेवण, वगैरे. मी वाचतो आणि गप्प बसतो. कुशीत झोपायला येणाऱ्यांना खोलीत एसी लागतो, हे मला माहीत आहे.

अब्बांनी धंदा शिकवताना तीन गोष्टी सांगितल्या होत्या. पहिली, मॅटर गिऱ्हाईकाचं, शाई आपली. त्याच्या मॅटरला हात लावायचा नाही. दुसरी, छापण्याआधी सगळं मॅटर गिऱ्हाईकाला मोठ्यानं वाचून दाखवायचं, कारण डोळा चुकतो पण कान चुकत नाही. तिसरी, गिऱ्हाईकाने दिलेला कागद फेकायचा नाही. टेबलावर लाकडी ठोकळ्यात ठोकलेली एक उभी तार असे, तिच्यात तो कागद टोचून ठेवायचा. उद्या भांडण आलंच तर कागद काढून दाखवायचा, बघा, तुमचंच अक्षर.

या तीन गोष्टींनी आम्हाला तारलं हे खरं. कुंभिवलीला हायवेवर एकाने धाबा टाकला, त्याच्या पाटीचं मॅटर आलं: वर मोठ्या अक्षरात 'शुद्ध शाकाहारी', खाली 'शनिवारी-रविवारी मटण थाळी'. मी मोठ्यानं वाचून दाखवलं. तो म्हणाला, "बरोबर हाय. सोमवार ते शुक्रवार शुद्धच असतंय." मी छापून दिलं. लोक फोटो काढायला थांबू लागले आणि धाबा चालला. एका निवडणुकीत उलट झालं. पत्रकात आपलं नाव घेऊन बदनामी केली म्हणून दहा-बारा जण छापखान्यात शिरले, एकाने काच फोडली. अब्बांनी शांतपणे तारेतून कागद काढला आणि ज्याचं अक्षर होतं त्याच्या घरचा पत्ता सांगितला. मंडळी तिकडे गेली. त्या दिवशी मला वाटलं, आपला धंदा किती सुरक्षित आहे. जग एकमेकांचे गळे धरो, आपण शाई लावून बाजूला.

लग्नपत्रिका ही आमची खरी रोजीरोटी. आम्ही मूळचे श्रीवर्धनकडचे मुसलमान, पण कर्जत आणि खालापूर तालुक्यातली निम्मी हिंदू लग्नं माझ्या हाताखालून गेली असतील. कुठल्या गावाचा ग्रामदेव आधी घ्यायचा, कुठल्या भावकीत कुलस्वामिनी वर आणि गणपती खाली, मामाचं नाव कुठल्या ओळीत आलं तर मामा रुसणार, हे मला तोंडपाठ होतं. एखादा नवखा बाप गोंधळला की म्हणायचा, "हमीदभाई, तुमीच लावा, तुमाला आमच्यापेक्षा जास्त समजतंय." मी लावायचो. म्हणजे मॅटरला हात न लावण्याचा माझा नियम काही इतका कडक नव्हता, हे इथेच कबूल करून टाकतो. पुढे त्याची गरज पडणार आहे.

छपाईनंतरचं काम बायकांच्या हातचं. पत्रिकेच्या घड्या घालायच्या, पाकिटात भरायच्या, बिलबुकं शिवायची. त्यासाठी माझ्याकडे पळसदरीची सुमन यायची. मागच्या खोलीत, लाकडी आडोशापलीकडे, चटईवर बसून काम करायची. हात असा की घडीला पुन्हा नख लावायची गरज नाही. तिचं डावं मनगट मोडून वाकडं बसलेलं होतं. कसं मोडलं ते मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही, पण नवऱ्याचं घर सोडून ती भावाकडे का राहते हे ते मनगट बघून कळायचं.

सासर कळंबचं. नवऱ्याचं नाव बाळाराम. निघाली तेव्हा मुलगी नऊ वर्षांची होती, मनीषा. बाळारामने मुलगी दिली नाही. सुमन सुरुवातीला शाळा सुटायच्या वेळी फाटकाबाहेर जाऊन उभी राहायची. पुढे मुलगीच म्हणाली, येऊ नकोस, बाबांना समजतं आणि मग घरात त्रास होतो. तेव्हापासून ती गेली नाही. पण काम करता करता मनीषाचं नाव दिवसातून एकदा तरी निघायचं. मनीषा दहावी झाली असेल, मनीषाला लांबडी वेणी होती, ती कापली का काय कोण जाणे.

मग एका हंगामात बाजारातून तिच्या कानावर आलं की मनीषाचं लग्न ठरलं. ती मागच्या खोलीतून बाहेर आली, हात पदराला पुसले आणि म्हणाली, "भाऊ, कळंबचं कार्य निघालंय म्हनतात. पत्रिका आपल्याकडं आली तर मला सांगा हां. तारीख कळली तर लांबून अक्षता टाकून येईन." मी म्हटलं, सांगतो. ती आत जाऊन पुन्हा कामाला बसली.

चार दिवसांनी बाळाराम आला. मी त्याला आधी पाहिलेलं नव्हतं. पांढरा शर्ट, कपाळाला गंध, बोलणं मवाळ. हातातला वहीचा कागद त्याने काउंटरवर ठेवला आणि कौतुकाने म्हणाला, "पोरीनंच लिवलंय. अक्षर बरं हाय तिचं." निळ्या शाईत, गोल, सरळ अक्षरात सगळं मॅटर होतं: चि. सौ. कां. मनीषा, सौ. सुमन व श्री. बाळाराम यांची एकुलती कन्या. फक्त सुमनच्या नावाआधी, समासाच्या रेघेवर, जागा नसताना दाबून, काळ्या शाईत 'कै.' लिहिलेलं. ते अक्षर वेगळं होतं.

आडोशापलीकडे सुमन घड्या घालत होती. मधे मशीन चालू होतं, मोठ्यानं बोललेलंच तेवढं तिला ऐकू गेलं असतं.

मी विचारलं, "आई नाहीत मुलीच्या?" बाळारामने माझ्याकडे बघितलं नाही. "आमच्यासाठी वारली. तिकडच्या लोकांना तसंच सांगितलंय, आता मोडता घालायचा नाय. पोरीचं भलं व्हायचं तर एवढं लागतंय, हमीदभाई. मॅटर हाय तसं टाका."

चाळीस वर्षांत मी मोठ्यानं वाचून न दाखवलेलं मॅटर ते एकच. मी कागद त्याच्यापुढे सरकवला आणि हळू आवाजात म्हणालो, बघून घ्या, सगळं बरोबर आहे ना. त्याने मान हलवली. मी कागद तारेत टोचला.

त्या वेळी मनात काय आलं ते सगळं सांगतो, कारण लपवून लेख लिहायचा तर न लिहिलेला बरा. पहिलं आलं की मुलीचं लग्न मोडेल, ते पाप आपल्या माथी नको. दुसरं आलं की आपण पडलो परक्या समाजातले, दुसऱ्याच्या घरच्या भानगडीत आपण कोण. तिसरं आलं ते अब्बांचं वाक्य. तिन्ही कारणं दिसायला चांगली होती. पण कुलस्वामिनी वर की गणपती वर हे ठरवताना मी परका नव्हतो. आणि 'कै.' टाकायचा नाही, नुसतं वडिलांचं नाव टाका, असं मी म्हणालो असतो तर बाळाराम फार तर दुसऱ्या छापखान्यात गेला असता. खरं कारण एवढंच की मला काउंटरवर वादावादी नको होती. मी भित्रा माणूस आहे, आणि आमच्या धंद्यात भित्रेपणाला नियमाचं नाव देता येतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आल्या आल्या सुमनने विचारलं, "आली का हो पत्रिका?" मी म्हटलं, "नाही." तोंडातून किती सहज गेलं. ती म्हणाली, "खालापूरला दिली असंल मग," आणि आत गेली.

पत्रिका मी त्याच दुपारी छापल्या, तिला लवकर घरी पाठवून. घड्यांसाठी गठ्ठा घरी नेला. माझी बायको जुबेदा अशा कामात तरबेज आहे. जेवणानंतर दोघं घड्या घालायला बसलो. पंधरा-वीस झाल्या असतील, तोच तिने एक पत्रिका उलगडून वाचली. मग माझ्याकडे बघितलं. "ही आपली सुमन ना? पळसदरीची?" मी पुढची पत्रिका घडीला घेतली. तिने हातातली पत्रिका गठ्ठ्यावर ठेवली. "मी नाही हात लावत याला," म्हणाली आणि भांडी घासायला उठली. उरलेल्या घड्या मी एकट्याने घातल्या. माझ्या घड्या वाकड्या येतात. बाळारामला ते दिसलं नाही.

इथे धंद्यातली एक सवय सांगायला हवी. मशीनवर नवं काम चढवलं की शाई आणि जागा जुळेपर्यंत दहा-वीस साधे कागद वाया जातात. एका बाजूला छापलेले, दुसरी बाजू कोरी. हे कागद कुठलाही छापखाना फेकत नाही. कापून, गठ्ठा ठोकून, कडेला खळ लावली की हिशेबाला, निरोपाला, मुलांच्या गिरगटण्याला रफ पॅड तयार. बाजारातल्या अर्ध्या दुकानांत आमची रफ पॅडं होती. किराणावाल्याने पिशवीतल्या सामानाची यादी दिली की तिच्या पाठीवर कुणाचं तरी लग्न असायचं. आणि ही पॅडं करायचं काम होतं सुमनचं.

मी पत्रिका लपवल्या, गठ्ठा घरी नेला, बायकोचं मन दुखावलं, पण वाया गेलेल्या कागदांची थप्पी नेहमीच्या कोपऱ्यात तशीच राहिली. तिसऱ्या दिवशी मी टपाल टाकायला गेलो होतो. परत आलो तर खळीचा वास येत होता. सुमनने पॅडं करून ओळीने वाळत लावली होती. एक कागद बाजूला काढून माझ्या टेबलावर ठेवला होता, कोरी बाजू खाली.

ती आडोशाजवळ उभी होती. आवाज चढवला नाही. म्हणाली, "भाऊ, हे कदी छापलंत?"

मी सांगितलं. नाही म्हणालो होतो तेव्हा कागद तारेत होता, हेही सांगितलं. आता खोटं बोलण्यात अर्थ नव्हता. तिने टेबलावरचा तो कागद उचलला. मग म्हणाली, "मला एक द्या. एकच. ते कै. काढून. कुनाला दाखवायची नाय मला, घरात ठेवीन. पोरीच्या पत्रिकेत माझं नाव हाय, एवढंच."

संगणकात फाईल उघडी होती. एक अक्षर आणि एक टिंब पुसायचं आणि प्रिंटरवर एक कागद काढायचा, पाव मिनिटाचं काम. मला आजही माझाच आवाज ऐकू येतो. मी म्हणालो, "सुमन, गिऱ्हाईकाच्या मॅटरला आपण हात लावत नाही. तुला माहीत आहे."

का म्हणालो? बाळारामला कळेल ही भीती होती का? कोण सांगणार होतं त्याला? मला वाटतं, ती एक पत्रिका छापली असती तर बाकीच्या चुकीच्या होत्या हे मीच मान्य केल्यासारखं झालं असतं. म्हणून नाही छापली. दुसरं कारण मी पुष्कळ शोधलं, सापडलं नाही.

तिने मान हलवली, नियम पटल्यासारखी. मग म्हणाली, "बाळारामाचं मला काय नाय वाटत. पोरीनं तरी नको म्हनायला पायजे व्हतं."

तारेतला कागद माझ्या हातापासून वीतभर अंतरावर होता. त्यात निळ्या शाईत मुलीने 'सौ. सुमन' लिहिलं होतं. मुलीने आईला मारलं नव्हतं. मी नुसता तो कागद काढून तिच्या हातात दिला असता तरी पुरे होतं, त्यासाठी कुणाच्या मॅटरला हात लावायचीही गरज नव्हती. पण तो कागद ही माझी ढाल होती. उद्या बाळाराम उलटला, तिचा भाऊ भांडायला आला, तर मी तो दाखवणार होतो: बघा, मॅटर माझं नाही. मी हात हलवला नाही.

सुमनने उरलेल्या पॅडांना खळ लावली, वाटी धुऊन पालथी घातली आणि गेली. दुसऱ्या दिवसापासून ती आली नाही. लग्नालाही ती गेली नाही, हे नंतर बाजारात कळलं. लांबून अक्षता टाकायलासुद्धा नाही.

पुढची वर्षं धंदा चांगला चालला. माणूस विसरतो म्हणतात. मी विसरलो नाही, पण विसरल्यासारखं वागायला शिकलो. जुबेदाने तो विषय पुन्हा काढला नाही. मात्र त्यानंतर तिने माझ्या कुठल्याही पत्रिकेची घडी घातली नाही, आणि मीही सांगितलं नाही.

गेल्या वर्षी छापखाना रुबिनाच्या ताब्यात दिला तेव्हा आवराआवर केली. तारेतले जुने कागद पोती भरून निघाले. त्यात तो कागद अचानक सापडला, असं मी या लेखाच्या पहिल्या खर्ड्यात लिहिलं होतं. ते खोटं आहे. तो कागद मी लग्नानंतर महिन्याभरातच तारेतून काढून खणात, प्लॅस्टिकच्या पाकिटात ठेवला होता. खण उघडला की तो दिसायचा. वर्षानुवर्षं तो माझ्यासमोर होता आणि पळसदरी कर्जतपासून एक स्टेशन पुढे.

शेवटी गेलो. त्याआधी संगणकातली जुनी फाईल उघडून 'कै.' पुसला, आमच्याकडच्या सर्वांत चांगल्या कार्डावर एक पत्रिका छापली आणि तिची घडी रुबिनाकडून घालून घेतली. सुमन आता धरणाच्या वाटेवर एका मुंबईवाल्याच्या बंगल्यात स्वयंपाक करते, शनिवार-रविवार पाहुणे असतात. मी मंगळवारी गेलो. भावाच्या ओसरीवर ती भिजवलेले वाल सोलत बसली होती. केस पिकले होते. मला बघून उठली नाही, पण बसा म्हणाली.

मी पत्रिका पुढे केली. तिने ती उलगडली, वाचली आणि परत घडी घालून माझ्या बाजूला ठेवली. "आता काय करू ही," म्हणाली. रागाने नाही. खरंच तिला सुचत नव्हतं.

मग मी पाकिटातून वहीचा कागद काढून दिला. कसा आला, कुणी लिहिला, काळी शाई कुणाची, सगळं सांगितलं. तिने ओले हात लुगड्याला पुसले आणि कागद गुडघ्यावर ठेवला. निळ्या अक्षरांवरून बोट फिरवत, 'सौ. सुमन'पर्यंत आली आणि बोट तिथेच राहिलं. तिने विचारलं, "इतकी वर्सं हे तुमच्याकडं व्हतं?"

मी हो म्हणालो.

"लग्न झाल्यावर दोनदा फोन केला व्हता तिनं," सुमन म्हणाली. "भावाच्या मोबाईलवर. मी घेतला नाय. सांग म्हटलं तिला, मेलेल्या मानसाला फोन कशाला करतीस."

मी माफी मागितली. अशा वेळी जे शब्द असतात तेच वापरले, दुसरे मला येत नाहीत. तिने माफ केलं असं म्हटलं नाही, केलं नाही असंही म्हटलं नाही. ती परत वाल सोलायला लागली. पळसदरीत पाहुण्याला चहाशिवाय कुणी सोडत नाही. तिने चहाचं विचारलं नाही, आणि ते योग्यच होतं.

उठताना मी म्हणालो की एका दिवाळी अंकात धंद्याबद्दल लिहायचं आहे, त्यात हे लिहू का? नावं बदलून. ती म्हणाली, "लिवा. पन छापायच्या आधी मला वाचून दाखवा. मोठ्यानं."

म्हणून मागच्या आठवड्यात हा लेख घेऊन मी पुन्हा पळसदरीला गेलो. ओसरीवर बसून वाचायला सुरुवात केली. मध्ये एकदा आवाज खाली गेला, तर ती म्हणाली, "ऐकू येत नाय." मी पुन्हा मोठ्यानं वाचलं. सगळं ऐकून झाल्यावर तिने आपणहून सांगितलं की मनीषा येऊन गेली. फोन सुमनने केला होता. मला बरं वाटलं, ते तोंडावर दिसलं असावं.

"तासभर बसली," सुमन म्हणाली. "पाव्हण्यावानी. चपला कुठं काढू, इचारीत व्हती. काय बोलायचं ते तिलाबी कळंना, मलाबी कळंना. परत येते म्हनाली हाय." "हे पन टाका त्यात. नायतर लोकांना वाटंल, कागद दिला आनि सगळं बेस झालं."

टाकलं आहे.

आणखी काही बदलायचं आहे का, असं मी नेहमीप्रमाणे विचारलं. तिने एकच जागा दाखवली. पॅडं वाळत लावून ती आडोशाजवळ उभी होती, त्या ठिकाणी मी 'तिचे डोळे भरून आले होते' असं लिहिलं होतं.

"मी रडले नवते," ती म्हणाली. "तुमाला तसं वाटलं असंल. ते काढा."

मी पेन काढलं आणि तिच्यासमोर ती ओळ खोडली.